स्पॅनिशमधल्या 'एस्पेरार'चा इंग्रजी अर्थ 'वेट' की 'होप'?

दोन्ही, शिवाय 'एक्स्पेक्ट'सुद्धा. कुठला घ्यायचा ते पुढच्या शब्दांवरून कळतं. 'एस्पेरो एल आउतोबूस' म्हणजे मी बसची वाट बघतोय. 'एस्पेरो के बेंगास' म्हणजे तू येशील अशी आशा आहे. या दुसऱ्या वाक्यात नवशिके हमखास अडखळतात, कारण 'तू येतोस'साठी नेहमीचं रूप 'बिएनेस' आहे, पण आशा व्यक्त करताना 'के'नंतर 'बेंगास' येतं. वाक्य तसंच पाठ करून टाका, नियम नंतर उमगेल. आपणही पावसाची वाट बघतो तेव्हा त्यात आशा असतेच ना, म्हणून मला हा शब्द फार जवळचा वाटतो. 'एस्पेरा ऊन बेबे' म्हणजे तिला बाळ होणार आहे. आणि फोनवर कुणी नुसतं 'एस्पेरा' म्हणालं, तर जरा थांबा.