आंतरराष्ट्रीय शाळेत शिकवायला जायचं आहे, राहायला छान शहर कसं निवडू?

राहण्यायोग्य शहरांच्या जागतिक याद्या बाजूला ठेवा. व्हिएन्ना २०२२ ते २०२४ सलग तीन वर्षं अशा एका यादीत पहिलं होतं, पण शिक्षकाच्या हातात काय उरेल हे यादी सांगत नाही. पश्चिम युरोपात बऱ्याचदा घर स्वतःच शोधावं लागतं आणि कर भरपूर कापला जातो. दुबईत पगारावर आयकर नाही, अनेक शाळा घर किंवा घरभाडंही देतात. मात्र उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो आणि चालत फिरणं बंदच होतं.

मी स्वतः हवेला सर्वांत जास्त महत्त्व देईन, कारण ती रोजची असते. थायलंडमधलं चियांग माई फार सुंदर आहे, पण साधारण फेब्रुवारी ते एप्रिल शेतं आणि जंगलं जाळल्याचा धूर शहरावर बसतो. दमा असेल किंवा मुलं लहान असतील तर हा मुद्दा पगाराच्याही आधी बघा. कोलंबियाची राजधानी बोगोता सुमारे २,६०० मीटर उंचीवर आहे. हवा वर्षभर थंड, पण सुरुवातीला धाप लागते.

घर ते शाळा किती वेळ लागतो, हे मुलाखतीतच विचारा. कित्येक शाळा शहराच्या कडेला असतात. तैवानमधल्या तैपेईसारखी उत्तम मेट्रो असेल तर मोठं शहरही सुखाचं होतं.

इंग्रजीवर भागवायचं असेल तर क्वालालंपूर सोपं जाईल. करार बहुधा दोन वर्षांचा असतो, तेव्हा सही करण्याआधी तिथे आत्ता शिकवणाऱ्या एखाद्या शिक्षकाशी नक्की बोला, आणि शाळेने सुचवलेल्याच माणसाशी नको.