‘बाळाला ठेवून जावं असं वाटायलंय’

कचराकुंडीजवळ अर्भक सापडल्याची बातमी आली, की बेळगावात मला हमखास विचारलं जातं, “शहरातल्या आईला काळीजच नसतं काय हो?” अशा वेळी मला एक बाळंतीण आठवते. ओळख कळू नये म्हणून तिचे तपशील बदललेत.

माहेर खानापूरकडचं, नवरा गोव्यात कामाला, ही बेळगावच्या वडगाव भागात भाड्याच्या खोलीत. बाळ दीड महिन्याचं. दुधानं तिचा ब्लाउज भिजला होता, पण बाळ मात्र शेजारच्या काकूंच्या मांडीवर. ते रडलं तरी तिनं मान वळवली नाही. म्हणाली, “ताई, ह्याला बसस्टँडवर ठेवून जावं असं वाटायलंय. कोण तरी चांगलं सांभाळतील.”

त्या दुसऱ्या वाक्यात तिची सगळी माया होती. आपण आई म्हणून नालायक आहोत, याची तिला खात्रीच पटली होती.

बाळंतपणानंतर पहिले काही दिवस उगाच रडू येतं, ते आपसूक ओसरतं. दोन आठवडे उलटूनही उदासी हटत नसेल, बाळ निजलं तरी आईला झोप लागत नसेल, तर तो आजार आहे आणि त्यावर औषध आहे. भास होऊ लागले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. गावात शेक-शेगडीला चार बायका असतात. खोलीत ही दिवसभर एकटी.

बाळ टाकून जाणाऱ्या सगळ्याच जणी आजारी नसतात. कुणी फसवलेली असते, कुणाला घरातून हाकललेलं असतं. बाळाचा बाप कुठाय, हे मात्र बातमीत कधीच नसतं, याचा मला संताप येतो.

बाळ सांभाळणं खरंच अशक्य असेल, तर २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार ते बालकल्याण समितीकडे सोपवता येतं. तो गुन्हा नाही, नाव गुप्त राहतं आणि निर्णय बदलायला ६० दिवस मिळतात. त्यासाठी १०९८ या मुलांच्या मदतीच्या क्रमांकावर फोन करावा. आपल्याकडे कागद कन्नडमध्ये असतात. ते मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नये. मनाच्या त्रासासाठी १४४१६ वर मराठीतही बोलता येतं.

तिला असं काही करावं लागलं नाही. डॉक्टरांनी अंगावर पाजताना चालणारी औषधं दिली. तिची आई गावाहून येऊन राहिली. रात्रीचं बाळ तीच बघायची. औषध अजून चालू आहे. पुढच्या खेपेला नवऱ्यालाही घेऊन यायला सांगितलंय.