स्टुडिओ नाही, गावातल्या जुन्या घरात फाइन आर्ट न्यूड फोटोग्राफी शिकायला सुरुवात कशी करावी?

विदर्भातल्या मातीच्या घराची एक खिडकी पुरते. उत्तरेची असेल तर उत्तम, वर्षातला बराच काळ तिच्यातून थेट ऊन येत नाही. दुसरी असली तर पांढरं धोतर दुहेरी करून ताणून बांधा. मॉडेल खिडकीपासून तीन-चार फुटांवर, खिडकीला काटकोनात. फोटो सपाट येतो तो बहुतेक वेळा समोरच्या चुन्याच्या भिंतीमुळे; ती सावलीत उजेड परत फेकते. तिथे काळी घोंगडी टांगा, पाठीचा कणा लगेच उठून दिसेल. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची क्षमता) ४००, एफ/४ (लेन्सचं छिद्र), शटर १/१२५ सेकंद यापासून सुरू करा; अंगावरचा उजळ भाग पांढरा फटक पडला तर एक्स्पोजर (फोटोत येणारा एकूण उजेड) कमी करा.

५० किंवा ८५ एमएमची लेन्स वापरा. वाइड लेन्सने जवळचा पाय अवाढव्य दिसतो. वजन एका पायावर, हात धडापासून जरा सुटे, बोटं सैल. फ्रेम मनगटावर किंवा गुडघ्यावर कापू नका.

मॉडेल सज्ञानच हवं. चेहरा दिसणार का, फोटो कुठे जाणार, हे आधीच लेखी ठरवा. शेतात, नदीकाठी नको. कायदाही आडवा येतो. मे महिन्यात सकाळी नऊच्या आत उरका, घामाची चकाकी एडिटिंगमध्ये सहज जात नाही. घट्ट कपडे तासभर आधी काढून सैल गाऊन घालायला सांगा, इलॅस्टिकचे वळ तेवढा वेळ राहतात.