करंजी त्यांची, येशू ह्यांचा

प्रिय चिऊ,

सलाम.

रविवारी मराठी शाळेतून परतताना तू मागच्या सीटवरून विचारलंस, "पप्पा, आपल्या घरचं आपलं असं काहीच नाही का? करंजी त्यांची, येशू ह्यांचा." माझी एक्झिट चुकली ती त्यामुळे. मम्मीला वाटलं मी फोन बघत होतो. पुढची वीस मिनिटं मी नुसता 'हं' करत राहिलो, मग तू हेडफोन लावलेस आणि मी सुटलो. सुटलो म्हणजे काय, रात्री झोप आली नाही. म्हणून हे लिहितोय. वाचायला तुला वेळ लागेल. जोडाक्षर अडलं तर मम्मीला विचार. मला विचारलंस तर मी तासभर बोलत बसेन.

तुझी मैत्रीण डब्यातली करंजी बघून म्हणाली, "ही तर दिवाळीची, तुम्ही आमचंच घेतलंत." आणि चर्चमधल्या त्या मुलाने तुला विचारलं की तुझे आईवडील ख्रिस्ती कधी झाले. दोन्ही पोरं चांगली आहेत, मला त्यांचा राग नाही. राग माझाच आला. पन्नाशीला टेकलो, इतकी वर्षं नाताळला करंज्या खातोय, आणि मलाच हे कधी कुणाला नीट सांगता आलेलं नाही.

तुझ्याएवढा होतो तेव्हा आमचा नाताळ बेकरीत सुरू व्हायचा. नगरला. (आता अहिल्यानगर म्हणायचं, माझ्या तोंडी नगरच येतं, चालवून घे.) साधारण वीस डिसेंबरला आजी रवा, मैदा, पिठीसाखर, तूप सगळं मोजून पिशव्यांत बांधायची आणि मला बेकरीत पाठवायची. घरी ओव्हन कुणाकडे होता? पावाचा घाणा निघाला की रात्री नऊ-दहानंतर बेकरीवाले चाचा भट्टी घरगुती मालासाठी द्यायचे. नानकटाईचे पत्रे लावायचे. पत्र्याच्या कोपऱ्यात नावाची चिठ्ठी, ती भट्टीत करपायची, मग कुठला पत्रा कुणाचा यावर भांडणं. आमच्या नानकटाईवर आजी काट्याने तीन टोचे मारायची, ती आमची खूण. मला पाठवायचं कारण एकच, चाचा तूप काढून घेतात असा आजीला पक्का संशय. मी मैद्याच्या पोत्यावर बसून पहारा द्यायचो आणि हमखास झोपायचो. चाचांनी तूप काढलं की नाही देव जाणे. मला मात्र ते दर वेळी उठवून एक गरम खारी द्यायचे. ईदच्या आधी हीच भट्टी त्यांच्या घरच्यांसाठी चालायची, तेव्हाही मी जायचो, खारीसाठी.

केक डालड्याच्या कापलेल्या डब्यात व्हायचा. बाजूने करपलेला, मधे बसलेला. तुझ्या मम्मीच्या केकसमोर तो केक म्हणायच्या लायकीचा नव्हता. त्याची रेसिपी आजीकडे तिच्या आजीकडून आली होती, जी मिशनच्या बंगल्यात मडमेकडे स्वयंपाकाला होती. वहीत मापं अशी: "लोणी बशीभर, साखर तेवढीच, अंडी असतील तितकी." आता यातून काय बोध घ्यायचा? मी दोनदा करून बघितला, दोन्ही वेळा तो कचऱ्यात गेला, हे तू पाहिलंयस.

पण केक शेजारी जायचा नाही. का, तर अंडं. आमच्या गल्लीत निम्मी घरं अंडं न खाणारी. दिवाळीत त्यांच्याकडून फराळाची ताटं यायची, आणि आलेलं ताट रिकामं परत करायचं नाही, एवढा नियम तर तुलाही माहीत आहे. मग नाताळला ताटात घालायचं काय? शेजारणीला बिनधास्त खाता येईल असं काय? करंजी, चकली, शंकरपाळी. तुझ्या मैत्रिणीला हे सांगता आलं असतं असं मला नंतर सुचलं: करंजी आम्ही तुमच्याकडून उचलली नाही गं, ती तुम्हाला खाता यावी म्हणून केली. बोलायला छान आहे. खरं किती, ते बघ. चकल्यांचा एक मोठा डबा आजी लोफ्टवर लपवायची, तो काही शेजारणीसाठी नव्हता.

आणि सगळेच खायचे असंही नाही. एका नाताळला मी ताट देऊन आलो, क्रोशाचा रुमाल विसरला म्हणून परत गेलो, तर आमच्या करंज्या मागच्या दारी गाईपुढे. सात होत्या, मीच मोजून ठेवल्या होत्या. त्या बाई मला बघून ओशाळल्या, मी त्यांच्याहून जास्त. रुमाल न घेताच पळत आलो आणि आजीला सांगितलं. मला वाटलं ती आता जाऊन भांडेल. ती म्हणाली, "गव्हाणीत गेल्या ना? मग जागेवर गेल्या."

ही गोष्ट आपल्याकडे दर वर्षी हसून सांगतात, छबूआत्या तर आजीचा आवाज काढून सांगते. पण त्या संध्याकाळी मी घरात होतो. आजी जेवली नाही. पुढल्या नाताळला ताट गेलं, मीच नेलं, तिनेच नेऊन दे म्हटलं. त्यात करंज्या नव्हत्या, नुसती केळी आणि खडीसाखर होती. हे छबूआत्या सांगत नाही.

गव्हाण म्हणजे तुझ्या लक्षात असलेला 'मेंजर' नव्हे, ते कापूस लावलेलं लाकडी खेळणं. आजीच्या माहेरी गोठ्यात खरी गव्हाण होती, कडबा, सरकी, शेण, माशा सगळ्यासकट. नाताळच्या आदल्या रात्री घरच्या उपासनेत ती लूकचा दुसरा अध्याय वाचायची, येशूच्या जन्माचा. मराठीत तिथे 'उतारशाळा' असा शब्द आहे, म्हणजे धर्मशाळा. उतारशाळेत जागा नव्हती, म्हणून बाळाला गव्हाणीत ठेवलं. त्या शब्दापाशी आली की ती थांबायची, चष्मा पुसायची. मला वाटायचं तिला पुढची ओळ दिसत नाही. आता वाटतं, तिला जरा जास्तच दिसत असावं. पण हे माझं आत्ताचं शहाणपण. तेव्हा माझं सगळं लक्ष दारावर येणाऱ्या भजनाच्या मंडळींकडे असायचं. ढोलकी, पेटी, पेट्रोमॅक्स, कानटोप्या. प्रत्येक घरी चहा. आमच्याकडे पोहोचेपर्यंत रात्रीचे दोन आणि ढोलकीवाल्याला आठव्या कपाचा आग्रह.

आता जे सांगणार आहे ते आजीने मला एकदाच सांगितलं, करंज्यांना मुरड घालताना, माझ्याकडे न बघता. आपले लोक गावकुसाबाहेरचे. १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ पडला, त्याच्या आगेमागे नगरच्या गावागावांतून बरीच घरं ख्रिस्ती झाली, त्यात आपलं. "पोटासाठी बाटले" असं मला शाळेत ऐकवलेलं आहे. असेलही. पोट होतंच की त्यांना. पण आजीच्या आजीची आई लहानपणी दिवाळीला वाड्याच्या दाराशी उभी राहायची आणि फराळ वरून पदरात टाकला जायचा, मोडका, उरलेला. करंजी तिच्या तोंडाला माहीत होती, हाताला नाही. नगरला आल्यावर तिने पहिल्या पगारातून पितळी कातणं घेतलं आणि नाताळला स्वतःच्या चुलीवर स्वतःची करंजी तळली.

ते कातणं म्हणजे आपल्या ड्रॉवरमधलं, चाक डुगडुगणारं, ज्याने तू प्ले-डो कापायचीस.

पण प्रामाणिकपणे सांगायला हवं. छबूआत्याच्या मते ते कातणं तिने स्वतः १९७४ साली कापडबाजारातून साडेतीन रुपयांना आणलं. मूळचं कधीच हरवलं. आजी म्हणायची, छबीला काय कळतंय. दोघींत यावरून एक अख्खा मे महिना अबोला होता. मी ते विमानात आणलं तेव्हा चेक-इन बॅगेत घातलं होतं, म्हणून कुणी विचारलं नाही हे काय आहे. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, मला माहीत नाही.

राहिला येशू 'ह्यांचा'. तुमची इथल्या, मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमची सहल आठवते? तुम्ही तिथल्या जुन्या खटल्यांतल्या चेटकिणी बघितल्यात. मी पालक म्हणून आलो होतो आणि मधेच अर्धा तास गायब झालो, त्यावरून मम्मीने ऐकवलं. मी तिथलं टॅबर्नॅकल चर्च बघायला गेलो होतो. इमारत नंतरची आहे, पण त्याच मंडळीत ६ फेब्रुवारी १८१२ ला पाच तरुणांना मिशनरी म्हणून दीक्षा दिली. त्यांतले दोघे, गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट, वर्षभराने मुंबईत उतरले. त्यांचं मिशन १८३१ ला नगरला पोहोचलं. म्हणजे आपण राहतो तिथून गाडीने पाऊण तासावरून हे सगळं निघालं, आणि दोनशे वर्षांनी इथलाच एक मुलगा तुला विचारतो की तुम्ही कधीपासून. मी फुटपाथवर उभा राहून एकटाच हसलो.

आणि गंमत ऐक. याच मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ पासून १६८१ पर्यंत नाताळ करायला बंदी होती, केला तर पाच शिलिंग दंड. पुढेही बराच काळ त्या चर्चमध्ये नाताळचं फारसं कौतुक नव्हतं. तेव्हा आलेल्या त्या पहिल्या मिशनरी बिचाऱ्यांना नाताळचे पदार्थ काय ठाऊक असणार? 'नाताळ' हा शब्दसुद्धा पोर्तुगीजांकडून आलेला. चांदणी आम्ही लावायचो ती दिवाळीनंतर उतरत्या भावात मिळणाऱ्या आकाशकंदिलांतली. भजनं अभंगाच्या चालीवर. कवी नारायण वामन टिळक १८९५ ला ख्रिस्ती झाले आणि ख्रिस्ताला आई म्हणून हाक मारायला लागले, ते काही बोस्टनहून शिकून नाही.

हे सगळं मला सेलमच्या पार्किंगमध्ये सुचलं आणि मी फार खूश झालो. मग वाटलं, जिंकायचंय कुणाशी? तुझी मैत्रीण तेरा वर्षांची आहे.

इथे आलो त्या पहिल्या डिसेंबरची गोष्ट सांगून थांबतो. तू नव्हतीस. मी किसलेल्या खोबऱ्याची पिशवी आणली, ती साखर घातलेली निघाली. सारण चिकट झालं, करंज्या तेलात फुटल्या, तेल काळं झालं, स्मोक अलार्म वाजला, खालचे आजोबा काठी घेऊन वर आले. आजीला फोन केला तर म्हणाली, फुटलेल्या आधी खाऊन टाक, कुणाला दाखवू नको. त्या आजोबांना मात्र दाखवाव्या लागल्या. त्यांनी चार खाल्ल्या.

तुला करंज्या नको असतील तर डब्यात देणार नाही. खरंच. तुझा नाताळ तुला हवा तसा कर, त्या जिंजरब्रेडच्या घरांना माझी हरकत नाही, फक्त ते जानेवारीपर्यंत टेबलावर ठेवू नका, मुंग्या येतात. मी मात्र शनिवारी दुपारी खोबरं भाजायला घेणार आहे. मोहन घालून पीठ सकाळीच भिजवेन. तुझी प्रॅक्टिस तीन वाजता आहे हे मला माहीत आहे, तेव्हा थांब म्हणत नाही. निघण्याआधी एवढंच कर, मी अलार्मची बॅटरी काढेपर्यंत स्टूल धर. ते डुगडुगतं.

तुझा
पप्पा