अभिजात की साधक? आधी हे बघा

अभिजात आणि साधक या दोन अभिसंधानांत (म्हणजे अनुभवातून वर्तन शिकण्याच्या प्रकारांत) गोंधळ होतोय? व्याख्या बाजूला ठेवा आणि एवढंच विचारा: खाऊ प्राण्याच्या कृतीवर अवलंबून आहे का? पावलॉव्ह या शास्त्रज्ञाच्या प्रयोगात खुणेच्या आवाजानंतर कुत्र्याला लाळ सुटो न सुटो, अन्न मिळायचंच, हे अभिजात. मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या पेटीत उंदराने दांडी दाबली तरच खाऊची गोळी, हे साधक.

क्लिकरने (दाबल्यावर ‘टक्’ वाजणाऱ्या छोट्या डबीने) कुत्रा शिकवताना दोन्ही लागतात. आधी नुसता ‘टक्’ आणि लगेच खाऊ, १०-१५ वेळा (हे अभिजात). आवाजाने कान टवकारले की पुढे कुत्रा बसल्याक्षणी ‘टक्’ आणि खाऊ (हे साधक). दोन-तीन सेकंद उशीर केलात तर बक्षीस उठण्याला जातं.

आणि हो, ऋण प्रबलन, म्हणजे नकोशी गोष्ट थांबल्याने वर्तन वाढणं, ही शिक्षा नव्हे (हमखास चुकतं ते इथेच). गाडीत सीटचा पट्टा लावला की गाडीची पिरपिर थांबते, म्हणून पट्टा लावणं वाढतं. शिक्षेने वर्तन घटतं.