गॅस एका कोपऱ्यात, मग अख्खी खाण कशी गेली?

प्रश्न : नाना, मुलगा वेल्समध्ये कार्डिफला शिकतो. तिथून जवळच्या किल्व्हनिद गावात 1894 साली अल्बियन खाणीत स्फोट होऊन 290 माणसं गेली, असं त्यानं कळवलं. तुमची नोकरी खाणीत झाली म्हणून विचारते. गॅस पेटला तर पेटला, पण लांबची माणसं कशी मेली? (एक वाचक, उदगीर)

उत्तर : ताई, मी किनवटचा, पण पोटापाण्यापायी चंद्रपूरकडं गेलो आणि तिथंच ओव्हरमन, म्हणजे खाणीतला देखरेख करणारा, म्हणून निवृत्त झालो. एवढं सगळं एकट्या गॅसचं काम नसतं. ते कोळशाच्या धुळीचं काम.

23 जून 1894, शनिवार. दुपारची पाळी खाली उतरलेली, आणि चारच्या सुमाराला स्फोट. छताला दिलेले लाकडी टेकू काढायचे होते. कुऱ्हाडीनं तोडायला वेळ लागतो, म्हणून सुरुंगानं उडवत. चौकशीत बोट तिकडंच गेलं. आणि हे माणसं कामावर असताना! आमच्याकडं शॉट फायररनं (सुरुंग उडवणाऱ्यानं) असं केलं असतं तर सरदारानं, म्हणजे पाळीवरच्या मुकादमानं, तिथंच त्याची कॉलर धरली असती. खाणीतले 125 घोडे होते, त्यातले 123 मेले. पुढं मॅनेजरला कोर्टानं दंड केला 10 पौंड.

आता धुळीचं ऐका. मिथेन हवेत 5 ते 15 टक्के असला की ठिणगीनं भडकतो. पण तो थोडाच असतो, एखाद्या कोपऱ्यात. त्याचा धक्का पुढं पळतो आणि छतावरची, टेकूवरची, जमिनीवरची बारीक धूळ उठवतो. मागून येणारा जाळ ती धूळ पेटवतो, त्याचा धक्का आणखी पुढची धूळ उठवतो. मिथेन म्हणजे नुसती काडी, कडब्याची गंजी म्हणजे धूळ. त्यात अल्बियन खोल आणि कोरडी खाण, धूळ जिथं तिथं.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. हे तोवर नवं राहिलं नव्हतं. 1844 मध्ये इंग्लंडात हॅसवेलच्या खाणीत 95 माणसं गेली, तेव्हा मायकेल फॅरेडे (हो, विजेवाले फॅरेडेच) आणि भूगर्भशास्त्रज्ञ चार्ल्स लायेल यांनी धूळही पेटते असं सरकारला लिहून दिलं होतं. त्यानंतर 50 वर्षं गेली!

लांबच्या माणसांना जाळ नाही, मागून येणारी हवा मारते. तिच्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला ना वास ना रंग. रक्त त्याला प्राणवायूपेक्षा आधी धरतं. 1896 मध्ये वेल्समध्येच टायलर्सटाउनला 57 जण गेले. शरीरशास्त्रज्ञ जे. एस. हॉल्डेन यांनी ते मृतदेह तपासले. बहुतेक माणसं भाजून नव्हे, याच वायूनं मेली होती. खाणीत लहान जीव सोबत न्यायचा सल्ला त्यांचाच, कारण या वायूनं तो माणसाच्या आधी कोसळतो. पुढं कॅनरी पक्षी आले ते त्यातूनच.

आमच्या वेळी चुनखडीची पूड पोत्यांनी यायची. गड्यांनी घमेल्यातून ती छतावर, भिंतींवर उधळायची. नवीन पोरगा हमखास विचारायचा, "नाना, खाणीला चुना कशाला, लगीन हाय का?" मी भिंतीवर बोट फिरवून दाखवायचो : वरचा थर पांढरा, खाली काळं. ही पूड कोळशाच्या धुळीबरोबर उडते, जाळाची उष्णता खाते आणि पेटणं तिथंच थांबतं. पण रोज नवी काळी धूळ बसते, म्हणून पूड परत परत टाकावी लागते, आणि कंटाळा येतो तो इथंच. धोरीच्या खाणीत 1965 साली आपल्याच देशात 268 माणसं गेली, तीही कोळशाच्या धुळीच्या स्फोटानं.

प्रश्न : आमच्या डाळ मिलमध्येही भुकटी साचते. तिचा असा स्फोट होतो का? (एक वाचक, लातूर)

उत्तर : होतो. 1878 मध्ये अमेरिकेत मिनीॲपोलिसच्या पिठाच्या गिरणीत 18 जण गेले. पत्र्याखालच्या लोखंडी कैच्यांवर, केबलवर, पंख्यावर हात फिरवून बघा. जमीन सगळेच झाडतात. कॉम्प्रेसरच्या हवेनं भुकटी उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा. चालू मशीनजवळ वेल्डिंग नको. आणि बेअरिंग गरम लागलं तर ऑइल टाकून पाळी ढकलू नका, मशीन बंद करा.