खाच असलेल्या बहुभुजाकृतीचे कोन

प्रश्न : बाजूंच्या संख्येतून २ वजा करून १८० ने गुणले की बहुभुजाकृतीच्या आंतरकोनांची बेरीज अंशांत मिळते, असे शिकवले जाते. बाणाच्या टोकासारख्या, एका बाजूने आत खाच गेलेल्या आकृतीलाही हा नियम लागू पडतो का, की तिला बहुभुजाकृती म्हणूच नये?

उत्तर : ती बहुभुजाकृतीच आहे आणि नियमही तिला पूर्णपणे लागू पडतो. एकाच प्रतलातील तीन किंवा अधिक रेषाखंड टोकाला टोक जुळून बंद आकृती तयार करत असतील, प्रत्येक शिरोबिंदूशी नेमके दोनच रेषाखंड मिळत असतील आणि इतरत्र ते एकमेकांना कोठेही छेदत किंवा स्पर्श करत नसतील, तर त्या आकृतीला साधी बहुभुजाकृती म्हणतात. खाच नसावी, अशी अट या व्याख्येत नाही. खाच असलेल्या आकृतीला अंतर्वक्र आणि नसलेल्या आकृतीला बहिर्वक्र म्हणतात, इतकेच.

शंका येते ती बहुधा नेहमीच्या सिद्धतेमुळे. एका शिरोबिंदूपासून सर्व कर्ण काढून आकृतीचे त्रिकोण पाडायचे, ही रीत अंतर्वक्र आकृतीत अडते, कारण काही कर्ण आकृतीच्या बाहेर पडू शकतात. तरीही तीनपेक्षा अधिक बाजूंच्या प्रत्येक साध्या बहुभुजाकृतीत संपूर्णपणे आत राहणारा किमान एक कर्ण असतोच. त्या कर्णावर आकृती कापावी, मिळालेल्या तुकड्यांवर हीच कृती पुन्हा करावी, म्हणजे अखेरीस बाजूंच्या संख्येपेक्षा दोनने कमी इतके त्रिकोण उरतात.

पडताळा सोपा आहे. बाणाच्या टोकासारख्या चौकोनाचे कोन क्रमाने ३०°, ६०°, ३०° आणि खाचेपाशी २४०° असे घ्या. बेरीज ३६०° येते. फक्त खाचेपाशी आकृतीच्या आतला प्रविशाल कोनच मोजावा. बाहेरचा १२०° चा कोन धरला की नियम चुकल्यासारखा वाटतो, आणि बहुतेकांची चूक येथेच होते.

मला स्वतःला बाह्यकोनांचा नियम याहून मोलाचा वाटतो. आकृतीच्या कडेने एक फेरी मारताना प्रत्येक शिरोबिंदूपाशी किती वळावे लागते, ते पाहा. वरील चौकोनात ही वळणे १५०°, १२०° आणि १५०° आहेत, आणि खाचेपाशी उलट दिशेने ६०° वळावे लागते. ४२० मधून ६० वजा केले की ३६० उरतात. बाजू कितीही असोत, एका पूर्ण फेरीत एकूण वळण ३६०° च होते.

सर्व बाजू आणि सर्व कोन समान असलेल्या, म्हणजेच सुसम बहुभुजाकृतीत हे ३६०° सर्व शिरोबिंदूंना सारखे वाटले जातात. म्हणून आंतरकोन १५६° असेल, तर वळण २४° आणि बाजू १५. आंतरकोन १५५° असलेली सुसम बहुभुजाकृती मात्र असूच शकत नाही, कारण २५ ने ३६० ला निःशेष भाग जात नाही.